एका प्लेटची कढई

"हे ते नाही."

उघड्या दारासमोर माझा पाय थबकला. खांद्यावर बॅग, हातात पाण्याची बाटली. वरच्या खोलीची किल्ली मागायची होती आणि ती कशी मागावी याची माझी मनातल्या मनात तालीम चालली होती. आतून थाळी सरकवल्याचा आवाज आला.

"मंग ते काय असते, तेच सांगा ना!" बाईचा आवाज. "मीठ कमी म्हणून नाही म्हणता, की तेल कमी म्हणून?"

"तसं नाही गं." पुरुषाचा आवाज दमलेला होता, भांडखोर नव्हता. "चांगलं झालंय. पण हे ते नाही."

गल्लीतले लूम, कापड विणणारे यंत्रमाग, खटखटत होते. बुऱ्हाणपुरात आल्यापासून तो आवाज माझ्या मागेच होता. स्टेशनपासून रिक्षाबरोबर जणू तोही धावत आला होता. थोड्या वेळानं एक उंच, किंचित वाकलेली बाई हातात भरलेली प्लेट घेऊन बाहेर आली. मला पाहून तिला जराही नवल वाटलं नाही.

"तू ती बँकेची पोरगी ना? चपला काढ, हात धू. हे गरम आहे तोवर खा."

मी म्हणाले की मी फक्त किल्ली न्यायला आले आहे. म्हणजे म्हणणार होते. प्रत्यक्षात मी हात धुतले आणि बसले. बुऱ्हाणपुरातलं माझं पहिलं जेवण हे असं, दुसऱ्या कुणीतरी नाकारलेलं. तपकिरी, चमकदार, जाडसर नूडल्स. त्यात कोबी, गाजर, केळफुलाचे बारीक काप, वर भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरडा आणि काकडीच्या चकत्या. आधी गोडसर लागलं, मग आंबट, आणि मग कानापर्यंत जाणारं तिखट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं आहे?" बाईनं विचारलं.

मी मान हलवली.

"मान नको हलवू. चाख, मंग बोल."

हे घरमालकीण प्रमिलाकाकूंचं बोलणंच होतं. भाजीवाल्यानं टोमॅटोची तारीफ केली, शेजारणीनं सुनेची तक्रार केली, टीव्हीवर कुणी देशाचं भविष्य सांगितलं, तरी काकूंचं उत्तर एकच. चाख, मंग बोल.

ती आमच्या बँकेच्या विलीनीकरणाची वर्षं होती. आमची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत मिसळत होती, आणि या शहरातल्या दोन शाखांची माणसं एकाच हॉलमध्ये आणून बसवली होती. एकमेकांशी कुणी फारसं बोलत नसे. दुपारी चहावालेसुद्धा दोन यायचे. त्यांचा एक, आमचा एक. मी इंदूरहून आलेली, म्हणून दोन्हीकडची नव्हते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरापुरतं होतं आणि आवाज त्याहूनही कमी. काउंटरवरच्या काचेपलीकडून दापोऱ्याचे केळीवाले शेतकरी वाकून म्हणायचे, "मॅडम, आतल्या आतच बोलून राहिल्या का?" मागची रांग हसायची. मी पुन्हा बोलायचे, तेवढ्याच आवाजात.

संध्याकाळी सिलमपुऱ्यातल्या त्या घरी परतले की वर जायचा जिना स्वयंपाकघराच्या दारावरून जायचा. त्याच्या दुसऱ्या पायरीवर मी कधी बसू लागले ते मला आठवत नाही. कुणी बस म्हटलं नव्हतं, कुणी ऊठही म्हटलं नाही. तिथून काकू दिसायच्या, गॅस दिसायचा, आणि भिंतीवरचं घड्याळ दिसायचं.

ते घड्याळ दीड तास पुढं होतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बिघडलं असेल. एकदा मी माझ्या मनगटाकडं आणि मग त्याच्याकडं बघताना काकूंनी पकडलं.

"ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ते जावाचं आहे."

काकूंचे यजमान भास्करकाका सूतगिरणीत स्पिनिंग मास्तर होते. इथल्या गिरण्या मंदावल्या तेव्हा ते जावा बेटावरच्या एका गावी, एका हिंदुस्थानी मालकाच्या गिरणीत गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. काकूही गेल्या. मुलगी वैशाली तिथल्या शाळेत शिकली, आता सुरतेला असते. परत येताना सामान फारसं आणलं नाही. हे घड्याळ आलं, बाटिकच्या दोन चादरी आल्या, आणि एक लोखंडी कढई परत आली. परत म्हणते, कारण ती मुळात काकूंसोबत बुऱ्हाणपुरातूनच गेली होती. दोन ओंजळींएवढी, तळाला गुळगुळीत, आणि काठावर एकाच जागी पोचे पडलेले.

काकूंना त्या घड्याळात पाहत काम करायची सवय होती. इथं सात वाजायचे आणि त्या कांदा चिरता चिरता म्हणायच्या, "साडेआठ झाले. यांतोनं गाडी काढली असंल." जशी काही ती गाडी पुढच्या चौकातच आहे. कधी कधी लूम थांबलेले असले, वीज गेलेली असली, की त्या सुरी हातातच धरून कान द्यायच्या. मीही द्यायचे. काय ऐकायचं आहे ते मला ठाऊक नव्हतं, तरी द्यायचे.

दिवाळीनंतर काकांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली, मी-गोरेंग. 'मी' म्हणजे तिकडच्या भाषेत नूडल्स आणि 'गोरेंग' म्हणजे परतलेलं. यांतो नावाचा माणूस संध्याकाळी हातगाडीवर करून द्यायचा ते. आता त्यात होतं काय? मैदा, पळी-पळी तेल, आणि खारट-गोड काळा सोया सॉस. डॉक्टरांनी मीठ आणि तेल दोन्हींवर बोट ठेवलं होतं. पण खरा प्रश्न त्यापुढचा होता. काका जेवेनात. दोन घास घ्यायचे आणि थाळी सरकवायचे. अंगातला सदरा दर आठवड्याला मोठा होत चालला होता. शेवटच्या तपासणीला डॉक्टर काकूंना म्हणाले होते, "औषध मी देतो, जेवण तुम्ही द्या. हे असंच चाललं तर माझ्या औषधांचा उपयोग नाही."

तेव्हा काकूंनी ठरवलं. जे मागतात तेच द्यायचं, पण डॉक्टरांच्या हिशेबानं.

त्यानंतरचे ते महिने मला एकच लांब संध्याकाळ असल्यासारखे आठवतात. गॅसची निळी ज्योत, लसणाचा वास, काकूंची पाठ. पाकिटातल्या नूडल्स पहिल्याच दिवशी बाद झाल्या. सोया सॉसची बाटली मला मिळाली, "वर ने, तुझ्या मॅगीत घाल." त्याच्या जागी काळा गूळ, चिंचेचा कोळ आणि एक चक्रफूल असं मंद आचेवर आटवून त्यांनी काळाभोर पाक केला. तेल चमचाभर, बाकी वाफेवर. मिरच्या भाजून, लसणासोबत पाट्यावर रगडून. यांतो इतरांना चिकन घालायचा, त्याच्या जागी भावाच्या मळ्यातलं केळफूल.

अडलं ते शेवयांपाशी. आमच्याकडच्या शेवया बारीक, दूध-गुळासाठी. काकूंना जाड हव्या होत्या, आणि नुसत्या गव्हाच्या नको होत्या. एका रविवारी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. म्हणजे गच्चीवरूनच हाक मारली, "मॅडम! हात रिकामे असतील तर आण वर." साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या गच्चीवर उभ्या होत्या, बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरलेलं. ज्वारीची उकड काढून ती गव्हाच्या पिठात मळली होती. नुसती ज्वारी घातली तर शेवया तुटत होत्या. उकड काढल्यावर धरून राहिल्या. सोऱ्याचा दांडा मी फिरवायचा, आणि खाली उतरणाऱ्या लडी काकू तळहातावर झेलायच्या, झोपलेल्या मुलाला उचलावं तशा.

शेजारच्या बबीताभाभी कठड्यापलीकडून पाहत होत्या.

"काकू, एवढ्या जाड शेवया? दोऱ्या वळून राहिल्या का?"

"यात लसूण-मिरची पडणार आहे."

"शेवयात लसूण?" भाभींनी कपाळाला हात लावला. "हद्द झाली! उद्या जावई आला तर त्याच्या दुधात मिरची घालशील!"

"जावई सुरतेला पिझ्झा खातो. त्याचं टेन्शन तू नको घेऊ. संध्याकाळी वाटी घेऊन ये, चाख, मंग बोल."

भाभी वाटी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी पातेली घेऊन आल्या. पुढच्या रविवारी त्यांच्या गच्चीवरही जाड शेवया वाळत होत्या.

गल्लीनं मान्य केलं. मी तर केव्हाच मान्य केलं होतं. काका मात्र प्रत्येक वेळी प्लेटवर वाकायचे, वास घ्यायचे, चेहरा क्षणभर उजळायचा. एक घास. दुसरा घास. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायचे. तिथं काकू उलथणं हातात घेऊन उभ्या असायच्या.

"हे ते नाही," काका म्हणायचे. अगदी हळू, माफी मागितल्यासारखं.

काकू पुन्हा पाटा धुवायला घ्यायच्या. पाक जरा जास्त आटवू. मिरची दुसरी आणू. केळफूल आधी ताकात ठेवू. मला पायरीवरून सगळं दिसायचं, आणि एक गोष्ट दिसूनही मला बराच काळ कळली नव्हती. सगळ्या गल्लीला चाख म्हणणाऱ्या काकूंना मी स्वतः चाखताना कधी पाहिलं नव्हतं. घरातल्या माणसाला वाढायच्या आधी तोंडाला लावायचं नाही, उष्टं होतं; हे त्यांच्या अंगातच होतं. मिठाचा अंदाज त्या वासावरून घ्यायच्या. आणि वाढून झाल्यावर? कढई एका प्लेटची. काकांची एक, मग माझी एक, मग कुणी आलं तर त्याची. शेवटी गॅस बंद करून त्या सकाळची भाकरी आणि वाटीभर भाजी घेऊन ओट्याशी बसायच्या.

"तुमच्यासाठी?" एकदा मी विचारलं. तो माझा त्या घरातला सगळ्यात लांब प्रश्न असावा.

"माझ्या एकटीसाठी कुठं पुन्हा कढई चढवू?"

मार्च संपता संपता त्या मला दापोऱ्याला घेऊन गेल्या, भावाच्या मळ्यात. केळफुलं आणायची होती. केळीच्या बागेत शिरलं की बाहेरचं जग बंद होतं. हिरवा उजेड, पायाखाली ओल, कुठं तरी ठिबकणारं पाणी. काकू बूट काढून अनवाणी चालत होत्या आणि बोलत होत्या. माझ्याशी की केळींशी, सांगता आलं नसतं.

"तिकडं पण असाच वास होता. विमानातून उतरले, मोटारीत बसले, न् खिडकीतून हा वास आला. मला वाटलं, दापोऱ्यालाच घेऊन चालले का काय मला." मग त्या हसल्या. "पण गावात कुणी ओळखीचं नाही. पहिलं वरीस मी दार नाही उघडलं. हे ड्यूटीवर गेले की आतून कडी. भाषा येत नाही, बोलू कोणाशी? तुझ्यासारखीच होते मी. तोंडात जीभ आहे की नाही, लोकांना शंका यायची."

मी खाली पाहिलं. त्यांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं.

"संध्याकाळ झाली की एक आवाज यायचा. टेक. टेक-टेक. लोखंडावर लोखंड. मला वाटायचं लोहार असंल कोणी. एक दिवस खिडकीतून डोकावले. हातगाडी! कंदील लावलेला, न् एक बारीकसा माणूस शेवया परतून राहिला. मला रडूच आलं वं. शेवया! आमच्या घरच्यासारख्या. न् हा बाबा मिरचीत परतून राहिला!"

"मग?"

"मंग काय, त्याच्या कढईत तो कोंबडी करायचा, मासळी करायचा. माझ्या पोटात तर जाणार नाही ते. म्हणून माझी कढई घेतली न् खाली उतरले. बोलता येत नव्हतं, नुसती पुढं केली. त्यानं कढईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, न् बाजूला ठेवून आधी हात धुतले. समजला! मंग एक मिरची उचलून विचारलं, पेडास? तिखट किती, असं विचारायचा तो. मी म्हटलं, पेडास! खान्देशची बाई, दुसरं काय म्हणणार? त्यानं एक घातली. मी म्हटलं, पेडास! त्यानं दुसरी घातली." त्यांनी केळीच्या खोडाला हात टेकला. हसून त्यांना दम लागला होता. "त्या देशात माझ्या तोंडातून निघालेला तो पहिला शब्द."

ती कढई मग यांतोच्या गाडीलाच टांगलेली राहिली, एवढी सगळी वर्षं. तो तिच्यात दुसरं काही करायचा नाही. काठावरचे पोचे त्याच्या उलथण्याचे. गल्लीत शिरताना तो त्यांच्या दारासमोर तीच कढई वाजवायचा. बुऱ्हाणपूरला परतायच्या दिवशी त्यानं ती राखेनं घासून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली.

काकूंची ही सवय मला तेव्हा उलगडली. शेवया झाल्या की त्या उलथणं कढईच्या काठावर आपटायच्या, बरोबर त्या पोच्यांवर. टेक-टेक.

काकांचं वजन मात्र उतरतच होतं. वैशाली फोनवर चिडायची, "आई, किती दिवस नूडल्सच्या मागे लागणार आहेस? त्यांना सरळ खिचडी भरव!" काकू म्हणायच्या, "खिचडी पण सरकवतात ते." फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ त्या दीड तास पुढच्या घड्याळाकडं पाहत बसल्या. मी त्यांना हरलेलं पाहिलं ते त्या एकाच संध्याकाळी. "माझ्या हाताची चव गेली वं," त्या म्हणाल्या. पायरीवरून मला ओरडून सांगावंसं वाटलं की नाही, नाही गेली. मी म्हणाले, "नाही." ते लूमच्या आवाजात गेलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी काकू तापीवर दिवा सोडायला गेल्या होत्या. काका अंगणात खुर्चीत, मी पायरीवर. आम्ही दोघं न बोलण्यात सारखेच पटाईत होतो. पलीकडच्या तीरावर जैनाबादचे दिवे लागले असतील, असं काहीतरी ते म्हणाले. मग आत घड्याळाकडं वळून पाहिलं.

"यांतोनं गाडी काढली असेल आता," ते म्हणाले. "तो माझी प्लेट आधी करत नसे, माहितेय? आधी हिची. हिची कढई वेगळी ना. ती पुसायची, चढवायची. मग पुन्हा त्याच कढईत माझी."

"तोवर तुम्ही थांबायचात?"

"थांबतो कशाला! हिच्याच प्लेटमधून सुरू. एवढासा बाक होता गाडीला लागून." त्यांनी दोन्ही हातांनी लांबी दाखवली, त्यात एक माणूस जेमतेम मावला असता. "ही काकडी माझ्याकडं ढकलायची, मी गाजर हिच्याकडं. माझी प्लेट येईपर्यंत हिची संपलेली. मग माझ्यातलं निम्मं हिला. यांतो हसायचा. दिवसभर मशिनींचा गोंगाट डोक्यात असायचा माझ्या. तिथं बसलो की उतरायचा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"आता पण चांगलंच करते ती," डोळे मिटूनच ते म्हणाले. "तिला काय सांगू? मीठ कमी आहे, ते चालतं मला. पण हे ते नाही, एवढंच कळतं."

मी स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडं पाहिलं. तिथली फरशी एका जागी जरा जास्त गुळगुळीत होती, काकू उभ्या राहतात तिथं.

सांगायला चार शब्द पुरले असते. सकाळी पाणी भरताना मी म्हणाले, "काकू..." त्या म्हणाल्या, "काय वं?" मी म्हणाले, "नळ गेला." दुपारी डबा परत देताना पुन्हा जमवलं आणि पुन्हा गिळलं. कुणाच्या संसारात मी काय म्हणून बोलणार होते? आणि काय म्हणणार होते? तुम्ही आधी त्यांच्या शेजारी बसा, असं? ज्या बाईनं चमचाभर पाकही आधी कधी जिभेवर ठेवला नाही, तिला?

आता बुऱ्हाणपूर मागं राहिलं. माझी बदली झाली, काका-काकू लेकीजवळ सुरतेला गेले. काकूंचा फोन येतो, "काय खाल्लं?" एवढ्यावरून सुरू होतो. पण त्यांचं नाव निघालं की मला सुरतेच्या काकू दिसत नाहीत. मला ती एक संध्याकाळ दिसते, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत बसवल्यासारखी दिसते.

त्या दिवशी बँकेवर नवी पाटी चढली. सगळ्यांना दराबा ही इथली मिठाई वाटली, दोन्ही चहावाल्यांनाही. आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी आले. माझ्या खोलीबाहेर एक अरुंद बाक होता, त्यावर तुळशीच्या आणि कोरफडीच्या कुंड्या. कुंड्या खाली ठेवल्या. बाक जिन्यावरून एकेक पायरी उतरवत अंगणात आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून ठेवला. केवढा आवाज झाला! बबीताभाभी कठड्यावर आल्या.

"हे काय वं?" काकू आतून म्हणाल्या. त्यांच्या कढईत लसूण पडला होता.

मी काकांकडं गेले. "इथं बसता का?" मी हळूच विचारलं.

काका उठले. बाकाकडं बराच वेळ पाहत राहिले. मग खिडकीकडं पाहिलं, आतल्या ज्योतीकडं पाहिलं, आणि बाकाच्या एका टोकाला बसले. मध्यावर नाही, टोकाला.

टेक-टेक. काकू प्लेट घेऊन बाहेर आल्या. ती काकांच्या हातात दिली आणि नेहमीसारख्या आपल्या जागेवर जायला वळल्या. त्या जागेवर मी उभी होते.

मी त्यांच्या हातातलं उलथणं घेतलं.

"अगं, मी खाईन मागून."

मी मान हलवली.

"तू करणार? तुला येतं?"

मी पुन्हा मान हलवली, दुसऱ्या दिशेनं. इतक्या संध्याकाळी त्या पायरीवर मी दुसरं काय शिकले होते?

"आमच्याकडं बायका अशा आधी..." काकूंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं, कारण काका सरकले. बाक आधीच जेमतेम, तरी वीतभर सरकले आणि प्लेट मधल्या जागेवर ठेवली.

"मोडंल तो," काकू म्हणाल्या. आणि बसल्या. दुसऱ्याच्या घरी बसल्यासारख्या, कडेला, पदर सावरून.

मी कढई पुसून पुन्हा चढवली. खिडकीतून दोघांच्या पाठी दिसत होत्या. एक सदरा, आत बारीक झालेला माणूस. एक अंबाडा, त्यातून सुटलेल्या पांढऱ्या बटा. अंगणात तो निळसर उजेड होता ज्यात काही वेळ कुठलंही गाव कुठलंही असू शकतं. काकांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मी परतायची थांबले. त्यांनी सवयीनं मान वळवली, दाराकडं नव्हे, शेजारी. मग प्लेट थोडी फिरवली आणि गाजराचे तुकडे पलीकडं ढकलले.

काकूंनी शेवयांची एक लड बोटांनी उचलली. आपल्या हातचं ते पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात गेलं.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "मीठ किती कमी आहे हे!"

मी वाट पाहिली, काकांचे ते तीन शब्द येतील म्हणून. ते आलेच नाहीत; त्यांचं तोंड भरलेलं होतं. काकूंनी काकडीची चकती त्यांच्या बाजूला सरकवली, त्यांनी ती न बघताच उचलली. प्लेटचा तळ दिसायला लागला तेव्हा दोघांनी एकदमच मागं वळून खिडकीकडं पाहिलं, रांगेतल्या गिऱ्हाइकांसारखं.

माझा लसूण लाल झाला होता. शेवया पडल्या, पाक पडला. मी उलथणं त्या जुन्या पोच्यांवर दोनदा आपटलं, आणि लूमच्या खटखटीवरून, बबीताभाभींच्या गच्चीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं विचारलं,

"तिखट किती?"